साडूंची उंच जीप

जगातली कुठलीही वस्तू आहे तिथून वीतभर वर उचलली की सुधारते, यावर आमच्या थोरल्या साडूंची देवापेक्षा जास्त श्रद्धा आहे. जालन्यातल्या त्यांच्या घरी फ्रिज विटांवर, पलंग ठोकळ्यांवर, आणि स्वयंपाकाचा ओटा तर गवंड्याच्या डोक्यावर बसून असा बांधून घेतलेला, की माझी मेहुणी आजही पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. असा माणूस लिलावातून जुनी जीप आणतो तेव्हा तिचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

कारण मात्र खरं होतं. आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघे जावई मामा म्हणायचो, धावड्याला राहायचे. गुडघे गेल्यापासून नाल्यापलीकडचं स्वतःचं शेत त्यांनी पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टरचे धक्के सोसत नसत, मोटारसायकलवर पाय टाकता येत नसे. "एकदा वावर दाखवा रे," एवढंच येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत. साडूंनी ते मनावर घेतलं. मग काय विचारता! सुटीच्या दिवशी गृहस्थ बनियनवर जीपखाली आडवे. बाहेर नुसते पाय, आणि आतून हुकूम, "साडूभाऊ, पाना द्या जल्दी! ह्यो न्हाई, दुसरा!" लोखंडाच्या कारखान्याबाहेरच्या भंगारातून त्यांनी बंपर जुळवला. तो इतका जड, की जीप पुढे वाकून नमस्कार करायला लागली. म्हणून पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत जादा पोलादी पाटे घातले. पुढून उंच झाली, म्हणून मागेही घातले. मग मोठी टायरं आली. विहिरीतली मोटार ओढायची चेनपुली पुढे टांगली, आणि खोल पाण्यात इंजिनाचा श्वास कोंडू नये म्हणून पीव्हीसीचा पाइप टपाच्या वर काढला. ज्या शहरात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, तिथं ही तयारी! मी हसलो की म्हणायचे, "हसा. पण मामांसाठी करून राह्यलो मी. त्यांना नाल्यात अडकू देणार न्हाई, बिलकुल न्हाई."

शेवटी एकदाचे आम्ही धावड्याला पोचलो. मामा धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून तयार. काठी टेकत जीपपाशी आले आणि थांबले. पायरी त्यांच्या कमरेला लागत होती. नाला मोजला, चिखल मोजला, मामांचा गुडघा तेवढा राहून गेला! स्टूल आणलं, पण त्यावर चढायलाही गुडघा वाकेना. शेजारचे दोघं उचलायला धावले तसे मामा कडाडले, "पोतं हाय का मी? ऱ्हाऊ द्या, न्हाई यायचं मला!" आणि घराकडे वळले.

साडूंचं तोंड बघवेना. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी सदरा काढला, जॅक लावला आणि भर अंगणात जीपखाली शिरले. ज्या पाट्यांचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते, ते एकेक करून बाहेर फेकू लागले. मी पाने देत होतो. एरवी या माणसाची टिंगल केल्याशिवाय मला जेवण जात नाही, पण त्या दुपारी मला फार भरून आलं. ऊन उतरता उतरता जीप चांगली खाली बसली, मामांनी जीपच्या दाराजवळचा दांडा धरला आणि स्वतःच्या पायांनी आत जाऊन बसले.

नाल्यात रुतलोच. चेनपुली बाभळीला अडकवून आम्ही दोघं ओढत होतो, आणि वर बसून मामा आम्हाला बैलांसारखं हाकत होते. पलीकडे कपाशी फुटली होती. मामा उतरले, बराच वेळ बघत राहिले, मग काठीच्या टोकानं माती उकरून म्हणाले, "वल हाय अजून."

पुढच्या पेरणीला मामा नव्हते. परवा साडूंना विचारलं, आता पाटे परत चढवायचे का? म्हणाले, "कशाला? आता मामींना वावरात जायचं ऱ्हातं." सासूबाईंना घेऊन ते अधूनमधून जातात, कधी मीही जातो. मामी बांधावर नुसत्या बसून राहतात. मग आम्हीही बसतो.