कलबुतावरची टोपी

आमचे दूल्हाभाई माणसाला आधी डोक्यावरून ओळखत, चेहऱ्यावरून नंतर. रस्त्यात कुणी सलाम केला की ते आधी त्याच्या कपाळाच्या वर पाहत, मग मान हलवत आणि म्हणत, "अच्छा, तुम्ही!"

मुस्तकीम मियाँ त्यांचं नाव. अलीगढात कलंदर गल्लीच्या तोंडाशी त्यांचं तुर्की टोप्या दाबायचं दुकान होतं. टोपी ओली करायची, शेगडीवर तापलेल्या पितळी कलबुतावर, म्हणजे डोक्याच्या आकाराच्या साच्यावर, चढवायची, वरून दुसरा पोकळ कलबूत बसवून दांड्याला एक झटका द्यायचा. वाफ फिस्सकन निघे. टोपी खाली उतरे ती अशी ताठ, की ती घालून कुणाला मान खाली घालणं जमू नये. शेवटी काळा गोंडा विंचरायचा. भिंतीवरच्या फळीवर लहानमोठे कलबूत ओळीनं मांडलेले असत. त्यांना डोळे नव्हते, तोंड नव्हतं, आणि तरी गावातल्या सगळ्या इभ्रतदार लोकांची ती डोकी होती.

माझी थोरली बहीण हुरमत त्यांना दिली तेव्हा मी फार लहान होतो. त्या लग्नातलं मला एवढंच आठवतं, की नवरदेवाच्या हातांना ओल्या लोकरीचा वास येत होता.

आमच्या गल्लीत एक रीत होती. कुणाकडे लग्न निघालं की पाहुणे तीन-चार दिवस आधी आपली टोपी दूल्हाभाईंकडे टाकत. ज्याची टोपी दुकानात आली, तो लग्नाला येणार. ज्याची नाही आली, तो रुसलेला. त्यामुळे कोण येणार नि कोण नाही, हे मुलीच्या बापाला दुकानाच्या फळीकडे पाहून कळे. एक मात्र पक्कं होतं. टोपी कशासाठी आणली, असं दूल्हाभाईंनी कधी कुणाला विचारायचं नाही. विचारणं म्हणजे "नक्की येताय ना?" म्हणणं, आणि त्यात समोरच्याचा अपमान होता.

खिलाफतीच्या दिवसांत दुकानाला क्षणाची उसंत नसे. इस्तंबूलच्या सुलतानाला आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याची गादी जाऊ नये म्हणून गल्लीतल्या बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. त्या काळी पांढरी खादीची टोपी आणि लाल तुर्की टोपी एकाच टांग्यात बसून सभेला जात. मग तुर्कांनीच आपला खलिफा घरी पाठवला, आणि पुढच्या वर्षी टोपीसुद्धा. तुर्कस्तानात तुर्की टोपी घालणं गुन्हा ठरला! ती बातमी आली त्या दिवशी दूल्हाभाईंनी शेगडीवर पाणी ओतलं आणि घरी येऊन बसले.

"ज्यांची टोपी त्यांनीच काढली," ते म्हणाले. "मग आपण घालतोय ती कुणाची?"

"गिऱ्हाइकांची," हुरमत आपा कांदा चिरता चिरता म्हणाली. "उठा, दुकान उघडा."

त्यांनी उघडलं. अलीगढच्या पोरांनी टोपी काही सोडली नाही. पण दूरच्या सुलतानावर जीव लावायची सवय झालेल्या माणसांचा तो जीव आता मोकळा पडला होता. तो काही वर्षं चहाच्या दुकानांतून, मशिदीच्या पायऱ्यांवरून भटकला. नोकऱ्या कुणाला मिळणार, शाळेत कुठली लिपी चालणार, इंग्रज गेल्यावर आपली मोजदाद कुणात होणार, या प्रश्नांनी लोकांची झोप उडाली होती आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग एक दिवस त्या जीवाला बसायला जागा मिळाली. तिचं नाव पाकिस्तान. ती जागा नकाशावर नेमकी कुठं, हे कुणालाच सांगता येत नसे, आणि त्यामुळे ती प्रत्येकाला आपल्या घराशेजारी असल्यासारखी वाटे.

गल्लीत या सगळ्याचे पुढारी होते सनाउल्ला ठेकेदार. सरकारी इमारतींना दारं-खिडक्या पुरवत. डोकं असं भलंमोठं की दूल्हाभाईंनी त्यांच्यासाठी मुरादाबादहून वेगळा कलबूत ओतवून आणला होता. फळीच्या टोकाला तो एकटा बसे. ठेकेदार मुस्लिम लीगचे आमच्या भागातले सेक्रेटरी झाले तेव्हा दूल्हाभाई म्हणाले, "बरोबरच आहे. एवढ्या डोक्यात काहीतरी भरायला हवंच होतं."

ठेकेदार खदाखदा हसले होते. तोवर हसणं चालत होतं.

पंचेचाळीस सालच्या हिवाळ्यात निवडणुका आल्या आणि त्याच हिवाळ्यात माझ्या भाचीचं, रुकय्याचं, लग्न ठरलं. मुलगा खुर्जाचा, नाव मुजतबा, स्वभावानं गरीब. अडचण होती मुलाच्या बापाची. मौलवी वसीउल्ला मदरशात शिकवत, स्वतः सूत कातत, खादी घालत, आणि लीगच्या विरुद्ध उघड भाषणं देत. मुलूख तोडू नका, म्हणत.

ठेकेदारांनी मशिदीबाहेर सांगून टाकलं, "मुलगी आपली आहे, तिला दुवा. पण त्या खादीवाल्याच्या पंगतीला जो बसेल, त्याचं हुक्कापाणी बंद."

दूल्हाभाईंच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. लोक सलाम करत, तब्येत विचारत आणि पुढं जात. फळी मात्र रिकामी. लग्न शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर, आणि मंगळवार उजाडला तरी फळीवर एक टोपी नाही. दूल्हाभाई रिकामे कलबूत पुसत बसले होते.

"रुकय्याच्या निकाहला कोण असेल?" त्यांनी मला विचारलं. "काजी, मी, तू आणि हे पितळ?"

आपा घरी म्हणत होती, "सासरचे लोक बघतील ना, मुलीच्या गल्लीतून एक माणूस उठून आला नाही. जन्मभर ऐकावं लागेल पोरीला."

आणि बुधवारी सकाळी पहिली टोपी आली. मोहसिन नावाचा पाटण्याचा विद्यार्थी गल्लीत खोली घेऊन राहत असे, त्याची. टोपी टाकली, सलाम केला, सायकलवर बसून गेला. मागोमाग अत्तारवाल्याची. मग दोघा भावांच्या, मग शाळामास्तरांची. संध्याकाळपर्यंत फळी लालेलाल. गुरुवारी दुपारी ठेकेदारांचा नोकर आला आणि त्यानं ती परातीएवढी टोपी दूल्हाभाईंच्या हातात दिली.

दूल्हाभाईंनी ती छातीशी धरली. ओले हात, ओली टोपी, ओले डोळे.

"पाहिलंस?" मला म्हणाले. "माणसं वाईट नसतात रे. नुसती घडी मोडलेली असते. जरा वाफ दिली की बसते जागेवर."

बावर्चीला निरोप गेला, कोरम्याची आणखी एक देग चढव. शीरमालाच्या गोडसर रोट्या दुप्पट. खुर्जाच्या मौलवींनाही त्यांनी आनंदानं कळवून टाकलं, की सगळी गल्ली हजर राहणार आहे. त्या रात्री आपानं कितीतरी दिवसांनी पोटभर जेवून घेतलं.

शुक्रवारी सकाळी गल्लीतून ढोल वाजत गेला. मागून एक जण ओरडत होता, "आज जुम्यानंतर! नुमाइशच्या मैदानावर! लीगचे मोठे नेते येताहेत! एकानंही घरी थांबू नये!"

दूल्हाभाई दारात उभे होते. हातात शीरमालांची टोपली. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"त्या टोप्या..." ते म्हणाले.

मलाही तेव्हाच उमगलं. टोप्या सभेसाठी आल्या होत्या. लग्नात बुडालेल्या माणसाला सभेची बातमी कोण सांगणार? आणि टोपी कशासाठी, हे त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं नव्हतं.

अंगणात दोन देगा रटरटत होत्या. मौलवी वसीउल्ला वऱ्हाड घेऊन तासाभरात पोचणार होते. आपा आतून आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, देगांकडे पाहिलं.

"टोप्या कुठं आहेत?"

"दुकानात. तयार आहेत. न्यायला येतील आता."

"मग घरी आणा."

"हुरमत, ही जबरदस्ती झाली."

"जबरदस्ती कसली? ज्याची टोपी आहे तो ती न्यायला येईल. दारात आलेल्याला तुम्ही बस म्हणणार नाही? तेवढीही माणुसकी राहिली नाही तुमच्यात?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू काय खांबासारखा उभा आहेस? खाट उचल."

टोप्या एकात एक घालता येत नाहीत, गोंडे मोडतात. म्हणून मी आणि दूल्हाभाईंनी एका खाटेवर त्या ओळीनं मांडल्या, वर पांढरी चादर टाकली आणि खाट खांद्यावर घेऊन गल्लीतून निघालो. वाटेत म्हाताऱ्या जुबैदा चाचीनं ते पाहिलं आणि लगबगीनं डोक्यावर पदर घेतला.

"या अल्ला! कोण गेलं रे?"

"अजून कुणी नाही, चाची," दूल्हाभाई म्हणाले. "दुवा करा."

दुकानाला कुलूप लागलं आणि त्यावर पाटी: टोप्या घरी आहेत.

जुम्याची नमाज झाली आणि मोहसिन धापा टाकत आला. "चचा, माझी टोपी द्या लवकर. मला स्वयंसेवकांच्या रांगेत उभं राहायचंय."

"बेटा, काल रात्री धुकं पडलं. टोपी थोडी बसलीये. अशी घालून गेलास तर लोक मला नावं ठेवतील. एक झटका देतो. बस तिथं."

अंगणात शेगडी पेटवून ठेवलेलीच होती. मोहसिन बसला. मग अत्तारवाला आला, तोही बसला. मास्तर आले, ते "बसत नाही" म्हणाले आणि मग बसले. दूल्हाभाई टोपी उलटीसुलटी करून पाहत, फुंकर मारत, गोंडा असा विंचरत जसा एखाद्या मुलीचा भांग पाडावा. इतकं संथ काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बिनटोपीची गल्ली आमच्या अंगणात गोळा होत गेली. वारा देगांवरून त्यांच्याकडे वाहत होता.

"कोरम्यात जायफळ आहे का हो?" अत्तारवाल्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मला कसं ठाऊक?" दूल्हाभाई म्हणाले. "मी टोप्यांचा माणूस."

सगळ्यांत शेवटी ठेकेदार आले. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, चेहरा लालबुंद. अंगणात आपली सगळी फौज बोडक्यानं बसलेली पाहून ते थबकले.

"मुस्तकीम! हा काय तमाशा आहे?"

"तमाशा नाही, ठेकेदार साहेब. तुमचा कलबूत मोठा, तापायला वेळ लागतो."

समोर चटईवर मौलवी वसीउल्ला बसले होते. त्यांनी सरकून जागा केली. "या. इथं ऊन कमी आहे."

ठेकेदार बसले, पण असे, जणू चटईला काटे होते.

"मौलाना, तुमच्या लोकांनी कौमेच्या पाठीत सुरा खुपसला."

"असेल. तुमच्या त्या नव्या मुलखात अलीगढ येतं का हो?"

ठेकेदारांनी डोक्यावरचा रुमाल सावरला. मग म्हणाले, "ते नंतर ठरेल."

"मग खाऊन निघा. लांबचा प्रवास दिसतोय."

मोहसिन फिस्सकन हसला, अगदी कलबुताची वाफ निघावी तसा, आणि ठेकेदारांनी डोळे वटारताच गोंडा नसलेल्या डोक्यावर हात फिरवू लागला.

तेवढ्यात काजींनी निकाहचा खुतबा वाचायला सुरुवात केली. अंगण शांत झालं. बोडक्यानं बसायला सगळ्यांनाच संकोच वाटू लागला, आणि दूल्हाभाई शेगडीपासून उठले. एकेकाच्या डोक्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं टोपी ठेवली. शेवटी ठेकेदारांसमोर उभे राहिले. टोपी अजून गरम होती, तिच्यातून वाफ निघत होती. ठेकेदारांनी वर पाहिलं. एक मुलीचा बाप आपल्या डोक्यावर टोपी ठेवायला ओणवा झालाय, हे त्यांना दिसलं. ते स्वतःही चार मुलींचे बाप होते.

त्यांनी रुमाल काढला आणि मान थोडी खाली घातली.

मुजतबानं "कबूल" म्हटलं. दुवेसाठी हात वर गेले, ठेकेदारांचेही. खारका-छुहारे उधळले तेव्हा मोहसिननं उडी मारून झेलले, आणि सभेला उशीर झाल्याचं त्या क्षणी कुणाच्या ध्यानात असेल असं मला वाटत नाही. ठेकेदार पंगतीला बसताना म्हणाले, "फक्त एक घास. मुलीच्या नावानं." त्यांच्यापुढं हाडांचा ढीग झाला तेव्हा मौलवींनी शीरमाल पुढं सरकवला.

मग सगळी गल्ली ताठ टोप्यांनी मैदानाकडे पळाली. कोरम्याच्या वासानं म्हणे स्वयंसेवकांची अख्खी रांग दरवळत होती. हुक्कापाणी कुणाचंच बंद झालं नाही. बंद करायला कोणी शिल्लक नव्हतं.

सभेत मोठे नेते आले ते काळी, कोकराच्या कातड्याची टोपी घालून. पुढच्या आठवड्यात मोहसिनच्या डोक्यावर तीच. मग सगळ्यांच्याच. तिला कलबूत लागत नाही, वाफ लागत नाही. फळीवरचं पितळ काळवंडू लागलं.

"लग्न वेळेवर उरकलं," दूल्हाभाई एवढंच म्हणाले.

दोन वर्षांनी मुलूख झाला. अलीगढ त्यात आलं नाही. मोहसिन गेला. ठेकेदारांच्या चारपैकी दोन मुली कराचीत दिलेल्या होत्या, तेव्हा तेही निघाले. निघायच्या आदल्या दिवशी दुकानात आले. डोक्यावर काळी टोपी होती, आणि काखेत कागदात गुंडाळलेली जुनी लाल.

रुकय्याला मुलगा झाला होता. त्याचा अकीका, म्हणजे जावळ काढायची मेजवानी, व्हायचा होता, मौलवींच्या आजारपणामुळे पुढं ढकललेला. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं.

ठेकेदारांनी लाल टोपी फळीवर ठेवली. कशासाठी, हे दूल्हाभाईंनी विचारलं नाही. दोघांनी हात मिळवले आणि ठेकेदार टांग्यात बसले.

अकीका झाला, मुलगा शाळेत जाऊ लागला. दुकानात आता गिऱ्हाईक क्वचित येतं. पण थंडी सुरू झाली की दूल्हाभाई शेगडी पेटवतात, सगळ्यांत मोठा कलबूत उतरवतात आणि ती एक टोपी ओली करून दाबतात. गोंडा विंचरतात आणि पुन्हा फळीच्या टोकाला ठेवतात.

"दूल्हाभाई, ही कशासाठी?" मी एकदा म्हटलंच.

त्यांनी माझ्या कपाळाच्या वर पाहिलं. "इतकी वर्षं या गल्लीत राहिलास," म्हणाले, "आणि तेवढी रीत कळली नाही?"