नेटचा काळा मणी
ऑफिसात आज नवा मॉनिटर आला. त्याच्या केबलवरची काळी, फुगीर गाठ बघून मला रहिमतपूरचं काकांचं घर आठवलं. फौजेतून निवृत्त झालेले काका हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी बोलण्याचे, वेडे होते. ते माडीवर माइकवर बोलू लागले की खाली माझं इंटरनेट तुटायचं, आणि त्या दुपारी माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. गप्पा थांबवा म्हणायचं धाडस होईना. मी नेटची केबल अँटेनाच्या वायरपासून लांब नेली आणि रेडिओच्या लहरींचा त्रास अडवणाऱ्या फेराइटच्या काळ्या कड्यातून ती दोन-तीनदा ओवून घेतली. काकू हसल्या, "आगं, नेटला बी दिष्ट लागती व्हय? काळा मणी घातलास!" माडीवरून काका ओरडले, "माझीच लागती! बोलू का आता?" मी म्हटलं, "बोला." मुलाखतीत मी नेहमीसारखी अडखळले, केबल मात्र एकदाही अडखळली नाही. ही नोकरी त्याच मुलाखतीतली.