मेंबरमामांचं अनुमोदन

आमच्या मेंबरमामांचा उजवा हात समोरच्याचं वाक्य संपायच्या आत वर जायचा. कमिटीच्या सभेत कुणीही ठराव मांडो, ‘माझं अनुमोदन’ म्हणणारे पहिले तेच. सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोजे उचलून उचलून तो खांदा वाकडा झाला होता, त्यामुळे हात वर केला की मान आपोआप खाली जायची. मागच्या बाकावर बसून मी ते बघायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो.

मी तेव्हा गावात नुकताच मास्तर झालो होतो. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव लहान, त्याची म्युनिसिपल कमिटी त्याहून लहान, पण ऐट केवढी! आमच्या वॉर्डातून मामा निवडून आले आणि जिनातला हमाल मेंबर झाला. त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून त्यांचे कागद लिहिण्या-वाचण्याचं काम माझ्याकडे आलं.

गावाबाहेरच्या आमच्या वस्तीची मागणी एकच होती, नळ. आदल्या दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो होतो. परतल्यावर बायांनी शपथ घेतली, की बाजारपेठेतल्या विहिरीवर जाऊन, घागरी लांब ठेवून, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत आता उभं राहायचं नाही. पुरुषांनीही घेतली. सगळ्यांच्या पुढे होत्या त्या मामांच्या घरच्या मामी. पण वस्तीतली विहीर माघापर्यंतच पुरायची. उन्हाळ्याच्या आत नळ आला तर शपथ टिकणार होती, नाहीतर नाही.

मामांची रीत मात्र शेतातली. आमच्याकडे सावड असते, आज मी तुझ्या वावरात राबायचं, उद्या तू माझ्या. ती न लिहिता पाळली जाते. मामांना वाटलं, कमिटीही तशीच चालत असणार. “पयले त्याइचं काम निपटवू, मंग आपलं. सावड फेडाले कोनी नाई म्हनते का, मास्तर?” मी एकदा म्हटलंही, “मामा, नळाचाच ठराव पयले टाका ना.” तर म्हणाले, “नव्या घरी गेल्याबरोबर जेवाले मांगते का कोनी?” मग कापूस बाजाराचा रस्ता मंजूर झाला, पेठेतले दिवे झाले, कोंडवाड्याची भिंत झाली, धर्मशाळेवरचे पत्रे झाले, आणि प्रत्येकाला मामांचा हात होता. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. मीही सावडीतच वाढलेला.

सभेत चहा यायचा. सगळ्यांना कपबशा, मामांना कान तुटलेला वेगळा कप, तोही शिपाई खिडकीत ठेवून जायचा. मी भडकलो की म्हणायचे, “चहा तं गरम आहे ना? कपाच्या कानाले काय चाटाचं आहे?” वस्तीत ही गोष्ट ते रंगवून सांगायचे आणि लोक पोट धरून हसायचे. मामी तेवढ्या हसत नसत. “तुमाले धड कप देत नाईत, अन् नळ देतीन?”

माघात विहिरीला गाळ लागला. फाल्गुनातल्या सभेत मामांनी अखेर ठराव मांडला, मोठ्या रस्त्यावरून वस्तीच्या तोंडापर्यंत नळ आणून एक तोटी. कागद मी लिहिला होता, तो त्यांनी पाठ केला होता, आणि एक शब्द न चुकता म्हणून दाखवला. अध्यक्षांनी विचारलं, “अनुमोदक कोण?” मामा ताटकळत उभे राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. रस्तेवाले मेंबर छताकडे बघू लागले, दिवेवाले घड्याळाकडे. धर्मशाळेचे शेठ वाकून जोडा चाचपू लागले. अध्यक्षांनी पुन्हा एकदा विचारलं आणि म्हणाले, “अनुमोदन नाही, ठराव पडला. पुढचा विषय.” विरोधात कुणी ब्रसुद्धा काढला नाही. पुढचा विषय पेठेतल्या गटाराचा होता. मामांचा हात सवयीनं वर गेला आणि तो ठराव मंजूर झाला.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, “मास्तर, सावड बरोबरीच्याची असते. माह्या ध्यानातच नाई आलं.”

चैत्रात वस्तीत प्यायला पाणी उरलं नाही. बाया दीड कोसावरच्या नदीच्या कोरड्या वाळूत झिरे खणून पाणी आणू लागल्या. उन्हानं दोघी वाटेतच चक्कर येऊन पडल्या. जिनाचा हंगाम संपला होता. एका सकाळी मामांनी हातगाडीवर साऱ्या वस्तीच्या घागरी रचल्या आणि पेठेतल्या विहिरीची वाट धरली. मामी आडव्या आल्या. “शपथ घेतली होती ना?”

“तुमची शपथ तुमी पाळा,” मामा म्हणाले. “माही तं कमिटीतच मोडली.”

त्या दिवसापासून आमचा मेंबर दुपारपर्यंत तिथे उभा असायचा, घागरी ओळीनं मांडून. धर्मशाळेचे शेठ येता-जाता ‘नमस्कार, मेंबर’ म्हणायचे. एकदा मी गाडी ढकलायला निघालो, तर मामांनी वळणावरच अडवलं. “तू नको येऊ. पोट्टे पाह्यतीन, तं म्हनतीन शिकून काय भेटलं.” मी लगेच परतलो. त्यांनी अडवावं अशी माझीही इच्छा होती, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

वैशाखात त्यांना ऊन लागलं आणि दोन दिवसांत ते गेले. शेवटची आंघोळ घालायची तर वस्तीतल्या एकाही घरात पाणी नव्हतं. मामी रडत नव्हत्या. त्या उठल्या, घागर उचलली आणि पेठेच्या वाटेला लागल्या. या खेपेला मीही गेलो. घागर खाली ठेवून, चार पावलं मागे सरून आम्ही दोघं उभे राहिलो. बराच वेळ कुणी आलं नाही.