आमच्या बागेतली दीडशे मेंढरं

आमच्या सोसायटीच्या बागेत दीडशे मेंढरं मुक्कामाला बसली, यात मेंढरांची काहीही चूक नव्हती. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे ज्याची चूक आहे तो मीच आहे आणि मला स्वतःला फार वेळ झाकून ठेवता येत नाही.

नव्वदनंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. बारामतीच्या बाहेर माळावर नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात मला स्टोअरमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली. कुणाचाही वशिला न लावता! हे वाक्य मी त्या काळात दिवसातून तीनदा म्हणत असे, जेवणापूर्वी आणि जेवणानंतर. इंदापूर तालुक्यातलं आमचं शेळगाव सोडून मी आणि सुमन, म्हणजे माझी बायको, एका टेम्पोत मावेल एवढा संसार घेऊन तिथल्या नव्या सोसायटीत राहायला आलो. चोवीस घरं, सरळ रस्ते, आणि सावलीसाठी विजेचे खांब. झाड एकही नाही. मधोमध एक मोकळा चौकोन होता, त्याला सगळे 'बाग' म्हणत.

बागेचे, सोसायटीचे आणि माझ्या नशिबाचे अध्यक्ष एकच होते, सबनीससाहेब. ते आमच्या कारखान्यात मॅनेजर. मी सहा महिने कच्चा होतो आणि मला पक्कं करण्याच्या कागदावर सही त्यांची व्हायची होती. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "गावाकडे काय असतं, वाघमोडे?"

"बागायत असते, साहेब," मी म्हणालो.

(विहिरीजवळ लिंबाची तीन झाडं होती. तिन्ही आईनं लावलेली.)

खरं सांगायचं तर आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप चुलतभावाकडे सोपवला, विहीर पाडली आणि ज्वारी केली. हे सांगण्यात लाजण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण माझ्या शेजारी एकाचे वडील हेडमास्तर होते, दुसऱ्याचे तहसील कचेरीत, आणि मला वाटलं, आपलेही वडील थोडे बागायतदार असायला काय हरकत आहे? सबनीससाहेब नागपूरकडचे. वाघमोडे या आडनावावरून आमच्या भागातलं शेंबडं पोरही जे ओळखेल, ते त्यांना कळत नव्हतं. मी त्याचा फायदा घेतला.

बागायतदार म्हटल्यावर साहेबांनी बागेचं काम माझ्याच गळ्यात घातलं. त्यांनी पुण्याहून गुलाबाची चाळीस रोपं आणली होती. ती मेली. मग आणखी चाळीस आणली. तीही पहिल्यांच्या मागोमाग गेली. साहेब रोज संध्याकाळी झारी घेऊन त्या काटक्यांना पाणी घालत आणि माझ्याकडे बघत.

दसऱ्याला आबा आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं. चहा झाल्यावर म्हणाले, "चल, तुज्या सायबाला राम राम करून येऊ."

"साहेब बाहेरगावी गेलेत, आबा."

आबांनी खिडकीतून बघितलं. समोर साहेब झारी घेऊन उभे होते. आबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण झारीवाला माणूस "वाघमोडे, जरा इकडे या!" असं माझ्याच नावानं ओरडत होता.

"आसं व्हय?" आबा म्हणाले. एवढंच. मग घोंगडं नीट घडी करून मांडीवर घेऊन बसले.

जाताना त्यांनी बागेतली चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, नाकाला लावली. "ही माती न्हाय. निसता मुरूम हाय. हितं कुसळ बी उगवायचं न्हाय."

"मग जरा चांगलं खत पाठवा ना, आबा," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांसमोर शेणखताची एक ट्रॉली होती.

"पाठवतो की," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं, ते मला समजायला हवं होतं. मी त्यांचाच मुलगा! आमच्याकडे चांगलं खत म्हणजे काय, तर मेंढरं बसवणं. शेतकरी आपल्या रानात कळप मुक्कामाला बसवून घेतो, लेंड्या आणि मूत जागच्या जागी जिरतं, आणि पुढची तीन वर्षं रान बोलतं. धनगराला त्याबद्दल धान्य द्यायचं, जेवू घालायचं. कोऱ्हाळ्याचे ऊसवाले त्यासाठी नंबर लावून थांबतात. अशी गोष्ट कुणी फुकट देत नाही. पण लेकाच्या दारात द्यायची म्हटल्यावर आबांनी हिशेब केला नाही. मला हे सगळं माहीत होतं. फक्त मी ते सहा महिने विसरायचं ठरवलं होतं.

उजाडला सव्वीस जानेवारी. सकाळी आठला बागेत झेंडावंदन. मांडामांड माझ्याकडे. आदल्या दिवशीच मी फक्कीनं पांढऱ्या रेघा आखल्या होत्या, झेंड्याचा खांब रोवला होता, भाड्याचा माइक आणून त्याचा कर्णा आमच्याच गच्चीच्या कठड्याला बांधला होता. पक्क्या नोकरीचा कागद पुढच्या आठवड्यात निघणार होता. म्हणून मी फक्कीसुद्धा दोनदा टाकली होती.

त्या रात्री झोपेत मला सारखं मेंढरांचं बें बें ऐकू येत होतं. लहानपणी ऐकायचो तसंच. इतकी गाढ झोप मला बारामतीत आल्यापासून लागली नव्हती!

"अहो, उठा," सुमन म्हणाली. "स्वप्न नाहीये ते."

मी दार उघडलं. बाग भरलेली होती. झेंड्याच्या खांबाभोवती दीडशे मेंढरं एकमेकांना चिकटून बसली होती. मुख्य पाहुण्यांच्या खुर्चीला एक घोडी बांधलेली. माझ्या पांढऱ्या रेघेवर बरोबर मधोमध वाघ्या, कळपाचा कुत्रा, पंजे पसरून झोपलेला. आणि कोपऱ्यात शेकोटीशी दोन म्हातारे, एक आबा आणि दुसरे बिरूतात्या, म्हणजे आबांचे तेच चुलतभाऊ. याच तात्यांच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा शाळेत गेलो होतो.

"आलास व्हय!" आबा हसले. "मध्यान रातीला पोचलो. तुमास्नी उठवलं न्हाय. म्हटलं, झोपू द्या पोरास्नी."

"आबा, हे काय केलंत?"

"खत!" आबा म्हणाले. "कोऱ्हाळ्याचा बागायतदार हात जोडत हुता, बिरूनं तेला सोडून कळप हिकडं वळवला. बघ, गुलाबाचा एक बी खड्डा सुटला न्हाय."

"उठवा त्यांना! लगेच! आठ वाजता झेंडावंदन आहे!"

"ऊन अंगावर आल्याबिगर मेंढरू उठत न्हाय," बिरूतात्या शांतपणे म्हणाले. "आन उठवू बी न्हाय. समदं खत उठताना मिळतं."

साडेसात वाजले होते. घराघरातून इस्त्रीचे पांढरे कपडे बाहेर पडायला लागले. मी भांबावून निदान माइक तरी नीट करावा म्हणून तो हातात घेतला, खटका दाबला, आणि तेवढ्यात सबनीससाहेब आले. टोपी, कोट, छातीवर कागदी झेंडा. ते कडेलाच थांबले. पुढे पाऊल टाकायला जागा नव्हती.

"वाघमोडे! हे काय आहे? कोणाची आहेत ही जनावरं?"

सगळी सोसायटी माझ्याकडे बघत होती. दोन हातांवर आबा उभे होते. सांगायचं एवढंच होतं: माझ्या वडिलांची, साहेब, तुमच्या गुलाबांसाठी. पाच सेकंदांचं काम!

"कोण जाणे, साहेब," मी म्हणालो. "रस्त्याचे धनगर दिसतात. हाकलतो." आणि बिरूतात्यांकडे वळून, अगदी साहेबी आवाजात, "ए! कुठले रे तुम्ही?"

"तुम्हीऽऽ" असा आवाज आमच्या गच्चीवरून परत आला. तेव्हा मला कळलं की माइक चालू आहे!

आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मुंडासं सारखं करून त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे!

"चुकलं, सायेब," ते म्हणाले. "आमी वाटसरू. आमाला ठावं नव्हतं. उठवतो."

मला आजवर बऱ्याच लोकांनी साहेब म्हटलं आहे. त्या हाकेचा आनंद मला तेव्हापासून कधी झाला नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं, पण वाघ्याला खोटं बोलायची सवय नव्हती. माझा आवाज ऐकून तो उठला, फक्की उडवत आला आणि दोन्ही पंजे माझ्या पांढऱ्या शर्टावर ठेवून माझं तोंड चाटू लागला.

"तुम्हाला ओळखतो वाटतं?" साहेब म्हणाले.

"कुत्र्यांना मी आवडतो, साहेब," मी म्हणालो. (माणूस एकदा घसरायला लागला की कुठवर घसरतो!)

तेवढ्यात आमचं दार उघडलं. आमच्याच गच्चीवरच्या कर्ण्यातून निघालेला माझा शब्द न् शब्द सुमननं ऐकला होता. तिनं डोक्यावर पदर घेतला होता, हातात चहाची किटली होती. मेंढरांतून वाट काढत ती सरळ आली, किटली खाली ठेवली आणि आबांच्या पाया पडली.

आबा घाबरून मागं सरले. "आगं बाई, आमी कोण कुठले! पाया कशापायी पडती?" माझं खोटं सांभाळायला म्हातारा स्वतःच्या सुनेला ओळख देईना!

"आबा, चहा घ्या," सुमन म्हणाली. "तात्या, तुम्हीपण."

"तुमची चूक हुतीया, बाई," आबा डोळ्यांनी तिला खुणावत होते. "आमी वाटसरू."

"हे कोण, वहिनी?" साहेबांनी विचारलं.

"ह्यांनाच विचारा की," सुमन म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. तशी ती नंतर चार दिवस बघत होती, न बोलता.

"साहेब, हे आमच्या गावचे..." मी म्हणालो. सुमन हलली नाही. "म्हणजे नात्यातले..." सुमन तशीच. "वडील," मी पुटपुटलो.

"काय? ऐकू आलं नाही," साहेब म्हणाले.

"माझे वडील आहेत!" मी ओरडलो. माइक अजून हातातच होता. पलीकडच्या वस्तीपर्यंत बातमी गेली.

"अहो, मग मघाशी सांगायचं ना!" साहेब म्हणाले, आणि मेंढरं ओलांडत जाऊन त्यांनी आबांना राम राम घातला. सहा महिने मी ज्या संकटाला भीत होतो ते एवढंच होतं.

आठ वाजता साहेबांनी दोरी ओढली. झेंडा उलगडला, राष्ट्रगीत सुरू झालं, आणि त्याच वेळी कारखान्याच्या भिंतीवरून ऊन बागेत उतरलं. दीडशेच्या दीडशे मेंढरं एकदम उठून उभी राहिली! साहेबांचे डोळे पाणावले. सगळे ताठ उभे होते, आबा मुंडाशाला हात लावून. मान खाली घालून उभा होतो तो मी एकटाच. (मेंढरांनीही मान वर ठेवली होती.)

आबा घरात आले नाहीत. "मेंढरं थांबायची न्हाईत," म्हणाले आणि चालू लागले.

माझा कागद ठरल्या दिवशी झाला. तिसऱ्यांदा आणलेले गुलाब पावसाळ्यापर्यंत कमरेएवढे वाढले. साहेबांनी बागेला फाटक केलं, पाटी लावली, आणि पुढच्या जानेवारीत माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "वाघमोडे, यंदाही बघा ना, तुमच्या तात्यांचं."

मी कोऱ्हाळ्याला गेलो. तोडून झालेल्या उसाच्या रानात कळप होता. बिरूतात्या वाघर, म्हणजे कोकरांभोवतीची जाळी, बांधत होते. भोवती रानाचे मालक आणि नंबरासाठी आलेले आणखी चारजण.

"तात्या," मी हाक मारली.

तात्यांनी वळून निवांत बघितलं. "कुठले रं तुमी?"

"तात्या, मी..."

"आवाज वळखीचा वाटतुया. कुठंतरी माइकवर ऐकलाय."

"शेळगावचा. आबांचा मुलगा," मी म्हणालो.

"जरा मोठ्यानं बोला, पाव्हणं. हितं कर्णा न्हाय."

"शेळगावच्या आबा वाघमोड्यांचा मुलगा!" मी भर रानात ओरडलो. चारही शेतकरी हसले. एका मेंढरानं उत्तरसुद्धा दिलं.

"आसं व्हय?" तात्या म्हणाले. "मग ऱ्हावा मागं. तुमच्या आदी हे चौघं हायती."

तेवढ्यात बांधाकडून, बाभळीखालून आवाज आला. मला माहीतच नव्हतं, आबा तिथं घोंगडं पांघरून बसले होते.

"घे रं बिरू तेला मदी," आबा म्हणाले. "माज्या वळखीचा हाय."

कळप आला. गुलाब पुन्हा वाढले. मी अजूनही सगळ्यांना सांगतो, की आयुष्यात मी एकही काम वशिल्यानं करून घेतलं नाही. फक्त बागेतून जाताना हे वाक्य मी गिळतो.