पहाटेचा रिपोर्ट

आमची पोस्ट डोंगराच्या सोंडेवर होती. खाली नाला आणि नाल्यापलीकडे शत्रूची पोस्ट. मी तेव्हा नाईक होतो आणि माझ्याबरोबर बंकरमध्ये लान्स नाईक सिद्राम बिराजदार. तो जळकोटचा, मी परंड्याजवळच्या एका वाडीवरचा. जिल्हा एकच, पण दोघांची गावं दोन टोकांना. कंपनीत आमच्या भागातले आम्ही दोघंच. आमचं आपसातलं बोलणं सातारा-कोल्हापूरच्या पोरांना नीट कळायचं नाही. सिद्राम मध्येच कानडी घालायचा, तेव्हा ते मलाही कळायचं नाही.

फौजेबाहेरच्या, सिव्हिलमधल्या मंडळींना आधी स्टँड-टू म्हणजे काय ते सांगायला हवं. पहाटे उजाडायच्या आत आणि संध्याकाळी अंधार पडताना पोस्टवरचा प्रत्येक माणूस आपापल्या मोर्चावर, म्हणजे नेमलेल्या जागी, पूर्ण तयारीत उभा राहतो. बूट, हेल्मेट, रायफल. हल्ल्याचा धोका याच वेळेला जास्त, म्हणून. बोलायचं नाही, बिडी ओढायची नाही, उगाच हलायचं नाही. समोर बघायचं. आधी काहीच दिसत नाही. मग एखादा दगड दिसतो, मग झुडूप, मग नाला. सगळं स्वच्छ दिसायला लागलं की स्टँड-डाऊनचा हुकूम येतो आणि चहा मिळतो. सण असो, ताप असो, घरून वाईट बातमी आलेली असो, हे रोज चालतं.

मधल्या वेळात पोस्ट कमांडर, आमचे नायब सुभेदार साहेब, वायरलेस सेटवरून एकेका बंकरचा रिपोर्ट घ्यायचे.

"बंकर तीन, रिपोर्ट. ओव्हर."

"बंकर तीन, सब ठीक, साहेब. ओव्हर."

समोर काही हललं तर गोष्ट वेगळी. पण स्वतःबद्दल विचारलं तर 'सब ठीक' शिवाय दुसरं उत्तर मी सगळ्या नोकरीत ऐकलं नाही. दाढ ठणकत असेल, घरी भावाने वाटणी मागितली असेल, तरी सब ठीक. यात लपवाछपवी नसते. आपण आडवे झालो तर शेजारच्याला डबल ड्यूटी पडेल, एवढाच हिशोब असतो.

एका थंडीत सलग बर्फ पडत होता. रोज पहाटे मी सिद्रामला हळूच विचारायचो, "कसं हाय?" आणि तो म्हणायचा, "हाय की जिता." त्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "सब ठीक, साहेब." मी नाईक, तो लान्स नाईक. त्याने मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. मला वाटलं, गंमत करतोय. स्टँड-डाऊन झालं, त्याने एक पाऊल टाकलं आणि तो तिथंच बसला. बूट कापून काढावा लागला. आत दोन बोटं काळीठिक्कर पडलेली. हेलिकॉप्टर यायला दोन दिवस लागले आणि ती बोटं गेली.

"सांगितलं का न्हायस?" मी विचारलं.

"तू इच्यारलंस भगवान, म्या रिपोर्ट दिला," तो म्हणाला.

मी पुढे हवालदार होऊन पेन्शनवर आलो. माजी सैनिकाला कँटीनमधून दारूचा कोटा मिळतो. गावात फौजीला त्या कोट्यामुळे जेवढा भाव असतो तेवढा छातीवरच्या मेडलमुळे नसतो. संध्याकाळ झाली की माझ्या शेतातल्या घरापुढं माणसं जमायची, मी लढाईच्या गोष्टी सांगायचो आणि ग्लास भरायचो. पलटणीत रम मोजून मिळायची. इथं मोजणारं कुणी नव्हतं. कोटा संपला की मी बाहेरून आणायला लागलो, नंतर सकाळीही प्यायला लागलो. माझी बायको कांता मुलाकडे कुर्डुवाडीला निघून गेली. जाताना भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मुलाने मला सोलापूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन घातलं. तिथं पलीकडच्या कॉटवर एक वाळलेला माणूस पडला होता. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग पडल्या पडल्या त्याने मला सॅल्यूट ठोकला. सिद्राम. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की दोन्हीचं मिळून रडूच आलं.

तिथल्या समुपदेशक मॅडम मुलीच्या वयाच्या होत्या. त्या सांगायच्या, "काका, दारू अंगातून निघाली, पण सकाळ रिकामी राहिली तर ती परत येणार. रोज थोडा वेळ काढा. तुमचा जो देव असेल त्याच्याशी बोला. मग डोळे मिटून नुसतं गप्प बसा." मी मांडी घालून बसलो, डोळे मिटले, आणि छातीत धडधडायला लागलं. डोळे उघडले. पोस्टवर डोळे मिटणाऱ्याची काय गत होते हे इतकी वर्षं अंगात भिनलेलं. शेजारी बघतो तर सिद्रामचेही डोळे सताड उघडे.

"म्याडम," तो म्हणाला, "आमाला डोळं मिटायचं ट्रेनिंगच न्हाय."

"मग कशाचं आहे?"

"हुबं ऱ्हायचं."

बाई हुशार. म्हणाल्या, "मग उभे राहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उजाडायच्या आत केंद्राच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. समोर कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे एक कडुनिंब. आधी काही दिसेना. मग भिंत दिसली, मग झाड. मनात बाटली येत होती, यायचीच. नजर भटकली की सेंट्री ती परत समोर आणतो, तसं मी मन परत कडुनिंबावर आणायचो. पानं वेगवेगळी दिसायला लागली तेव्हा लक्षात आलं, की तेवढा वेळ मी कुणावर चिडलो नव्हतो आणि मला काही नको होतं. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मी काही देवभोळा नाही. पलटणीत मंदिर परेडला जायचो ते प्रसादाच्या शिऱ्यासाठी. पण घरी आल्यावर पहाटे बांधावर उभं राहून तुळजाभवानीचं नाव घ्यायला लागलो. प्रार्थना एवढीच: आई, आजचा दिवस निभावून ने. उद्याचं मागायचं नाही. मग गप्प. समोर आधी बाभळ दिसते, मग विहिरीचा रहाट, मग मेंढ्यांचा वाडा, आणि सगळ्यात शेवटी लांबवर परंड्याच्या किल्ल्याचा बुरूज. बुरूज दिसला की माझं स्टँड-डाऊन.

त्याआधी सिद्रामला फोन. ही त्याचीच कल्पना. तो त्याच्या अंगणात उभा, मी माझ्या बांधावर, मधे अख्खा जिल्हा.

"जळकोट पोस्ट, रिपोर्ट," मी म्हणायचो.

"हाय की जिता. परंडा पोस्ट?"

"जिता हाय."

त्याचा देव खंडोबा. तो काही महिने अणदूरला असतो, काही महिने नळदुर्गला. सिद्राम म्हणायचा, "आमचा देवच ट्रान्सफरवर ऱ्हातो बग. कुठं रिपोर्ट करावं कळना." मी म्हणायचो, तू करत राहा, तो फॉरवर्ड करून घेईल.

खरं सांगायचं तर कित्येक दिवस त्या फोनशिवाय माणसाचा आवाज माझ्या कानावर पडत नसे. दारू सुटली तशी संध्याकाळची मंडळीही सुटली. रस्त्यात भेटले की "काय फौजी, बरं हाय ना?" म्हणून गाडी पुढे दामटायचे. कांता फोनवर म्हणाली, "आधी नीट व्हा, मग बघू." तिचं काही चुकत नव्हतं. मी मेंढ्यांशी बोलायला लागलो होतो आणि मेंढ्यांना ते आवडत नव्हतं. एकटेपणा दारूपेक्षा जड असतो हे केंद्रात कुणी सांगितलं नव्हतं. पहाटेचं ते उभं राहणं नसतं तर मी पहिल्याच पावसाळ्यात परत बाटलीकडे गेलो असतो.

ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हाची गोष्ट. नेहमीप्रमाणे फोन लावला.

"जळकोट पोस्ट, रिपोर्ट."

"सब ठीक, साहेब."

फोन बंद झाला. मी बांधावर तसाच उभा. बाभळ दिसली, रहाट दिसला, पण माझं लक्ष त्या 'साहेब'वर अडकलं होतं. परत फोन लावला, उचलला नाही. बुरूज दिसायची वाट न बघता मी पोस्ट सोडली. मेंढ्या शेजाऱ्याच्या हवाली केल्या आणि पहिली गाडी धरली. परंड्याहून बार्शी, बार्शीहून तुळजापूर, तिथून नळदुर्ग आणि पुढे जळकोट. तुळजापूरच्या स्टँडवरून कळसाच्या दिशेने हात जोडले. त्या दिवशी स्वतःसाठी काही मागितलं नाही.

घरी सिद्रामची बायको महादेवी दारातच होती. मला बघून तिने तोंडाला पदर लावला.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं, भाऊजी. तुमाला सांगू देत न्हवते."

"पर रोज पहाटे तर बोलायचा माझ्याशी. नीट बोलायचा."

"तेवढ्यापुरतं नीटच असायचे वो. पहाटे उठून चूळ भरायची, तोंड धुवायचं, फौजेतली टोपी घालायची, अंगणात हुबं ऱ्हायचं. म्या दारातनं बघायची. हात जोडायचे, तुमच्याशी बोलायचे. उजाडलं की टोपी खुंटीला आन् आत जाऊन बसायचे प्यायला. आज मातर हुबं ऱ्हाता आलं न्हाय. भिंतीला धरून बोलले."

सिद्राम आत खाटेवर होता. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. मला बघून उठायला गेला.

"पोस्ट सोडून आलास व्हय रं?" तो म्हणाला.

"तू बोलावलंस."

"म्या कुठं बोलावलं?"

"साहेब म्हणालास."

गावातली एक जीप करून आम्ही त्याला सोलापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्या कॉटशेजारी उभा राहिलो. खिडकी पूर्वेला होती, समोर पाण्याची टाकी. वॉर्डातले बाकीचे झोपलेले. टाकीचा आकार दिसायला लागला तेव्हा मी हळूच विचारलं,

"जळकोट पोस्ट, रिपोर्ट."

मला वाटलं, झोप लागली.

"ठीक न्हाय रं, भगवान," तो म्हणाला. "लई भ्या वाटतंय."

सगळ्या नोकरीत आणि त्यानंतरच्या वर्षांत कुणी मला असा रिपोर्ट दिला नव्हता. मी त्याचा हात धरला.

"मला सांगितलंस तसं त्यालाबी सांग," मी म्हणालो.

"त्यो आता अणदूरला हाय का नळदुर्गला?"

"कुठंबी असू दे. सांग."

त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. मग मीही डोळे मिटले. उभ्या उभ्या, त्याचा हात धरून. आयुष्यात पहिल्यांदा मला डोळे मिटून भीती वाटली नाही.

तो त्याच आठवड्यात गेला.

सीमेवर पडलेल्या जवानाला तिरंगा असतो, बिगुल असतो, चौकात नाव लागतं. पेन्शनवर येऊन दारूने गेलेल्याला काही नसतं. चौकात माणसं म्हणतात, पिऊन मेला. मी बेरेट घातली, मेडल लावली आणि चितेसमोर उभं राहून सॅल्यूट केला. आसपासच्या गावांतले आणखी दोघं माजी सैनिक आले होते, त्यांनीही केला. तेवढीच आमची तुकडी.

निघताना महादेवीने विचारलं, "भाऊजी, तुमच्याशी रोज खोटंच बोलत हुते का वो ते?"

"न्हाय वैनी," मी म्हणालो. "तेवढा वेळ तो खरंच ठीक असायचा."

तिला बरं वाटावं म्हणून हे बोललो की मला ते खरंच वाटत होतं, याचा निकाल अजून मला लावता आलेला नाही. एवढं मात्र खरं, की ज्या माणसाला दिवसभरात दुसरं काही सांभाळता येत नव्हतं त्याने ती पहाट शेवटपर्यंत सांभाळली. ती बाकीच्या दिवसाला पुरली नाही, कारण तिच्यात तो सगळं सांगत होता, फक्त स्वतःचं सोडून.

मी अजून रोज उभा राहतो. प्रार्थना बदलली आहे. आता आधी रिपोर्ट देतो, खरा. आई, ठीक नाही. काल सणाचा दिवस, फार एकटं वाटलं. घसा कोरडा पडला होता, दुकानाच्या वळणापर्यंत जाऊन आलो. कांताचा फोन आला नाही. पोस्टवर हजर आहे. मग आजचा दिवस मागतो, आणि मग डोळे मिटतो.

उघडतो तेव्हा बाभळ दिसत असते. मग रहाट. बुरूज दिसायच्या आधी मी म्हणतो, "जळकोट पोस्ट, रिपोर्ट." लान्स नाईक सिद्राम बिराजदारला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा थांबतो. मग मेंढ्या सोडतो.