अमाल्फीच्या रस्त्यावरची पुढची सीट

ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नाही. पास्कललाही नाही, आणि तो माझा नवरा. तशी लहानशीच आहे. पण लहान आहे म्हणून सांगून टाकली, असं कुठं झालं?

इटलीची सहल माझी थोरली नणंद रेजिनाबाय हिच्या डोक्यातली. ती दोह्यात नर्स, आम्हीही इथंच नोकरीला. अमाल्फीचा समुद्रकाठचा रस्ता गाडीनं करायचा, जुने बुरूज बघायचे, लिंबांच्या बागा बघायच्या — वर्षभर ती तेवढंच बोलत होती. थोरली म्हणून पुढची सीट तिची. आमच्याकडे हे सांगावं लागत नाही.

भाड्याची गाडी निघाली इवलीशी. डिकीत न मावलेल्या बॅगा मागं उजवीकडे रचल्या — नेमक्या समुद्राच्या बाजूला. मागं बसणाऱ्याच्या वाट्याला नुसता डोंगर. मी बॅगांकडे बघितलं आणि म्हणाले, "मला गाडी लागते हो, वळणांवर."

मला? गाडी लागते? पण पकडणार कोण? कतारात पार दुखानपर्यंत जा, रस्ता पट्टीनं आखलेला. वळण दिसेल तर शपथ.

"मग तू पुढं बस गो," रेजिनाबाय म्हणाली. "मी काय, कुठंही मावते."

"यल्ला, चला बसा," स्टिअरिंगवर बसत पास्कल म्हणाला. "आणि ओकायचं असलं तर आधी सांग."

दिवस झकास गेला, खोटं कशाला बोलू? थेट माझ्या खिडकीखाली निळा समुद्र, पुढं कड्याच्या टोकावर बुरूज, चर्चच्या घुमटावर हिरव्या-पिवळ्या फरशा. रेजिनाबाय मागून लिंबाच्या फोडी देत होती. मी मजेत चोखत होते.

एका वळणावर तिनं विचारलं, "काय दिसतंय गो?"

सांगता आलं असतं. पण आजारी माणूस बघतो का? "माझे डोळे मिटलेत," मी म्हणाले. डोळे टक्क उघडे होते — तेव्हा खाली पांढरी होडी चालली होती.

परतल्यावर चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्सानंतर तिनं सगळ्यांना फोटो दाखवले. "हा समुद्र. आणि हे आमच्या भावजयीचं डोकं. बिचारी सगळी वाट आजारी होती."

अजूनही दुखानच्या समुद्रावर निघालो, की रेजिनाबाय न सांगता मागं बसते. पर्समध्ये कापलेलं लिंबू असतं. त्या सरळसोट रस्त्यावर ती फोड पुढं करते, आणि मी ती घेते.