सोन्याची मांजर

भावाने परदेशातून सेलवर चालणारी मांजर पाठवली तेव्हा मी हसले होते. माहेरी वाळत घातलेल्या सुकटीजवळ खरी मांजर फिरकली तरी आई काठी घेऊन धावायची. आता स्मृतिभ्रंश झालेली तीच आई खोट्या मांजरीला मांडीवर घेऊन बसली, आणि माझं हसू जिरलं. हात फिरवला की मांजर गुरगुरायची. संध्याकाळ झाली की "मी घरा जाते" म्हणत दाराशी झटणारी आई त्या गुरगुरण्यामुळे जागची हलत नसे.

मला मात्र भीती बसली. सेल संपले तर? जास्तीचे आणून ठेवले होते, पण संपले ते नेमके मी भाकऱ्या थापत असताना. हात धुऊन बाहेर आले तर आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटचं दार उघडं. आई नाही, मांजरही नाही. हायवेकडे गेली असेल तर? मी अनवाणीच धावले. नाक्यावरच्या रिक्षावाल्याने जुन्या गावाकडे बोट दाखवलं.

देवळाच्या पायरीवर आई बसली होती. निपचित मांजर पदरात गुंडाळलेली, आणि ती हातातली सोन्याची बांगडी ओढून काढत होती. मनगट सोलवटलं होतं.

"माज्या हातून मांजर मेली," ती म्हणाली. "काशीला सोन्याची मांजर द्यायला लागंल. नायतर पाप फिटायचं नाय."

माझं नाव विसरलेल्या आईला पाप तेवढं बरोबर आठवत होतं. खरं सांगते, मला रागच आला.

"मेली नाय गं आये," म्हणत मी तिला घरी आणलं आणि तिच्यासमोरच सेल बदलले. मांजरीने डोळे उघडले, म्याव केलं. आई किंचाळली. तिच्या लेखी मेलेलं उठलं होतं. तिने माझा हात धरला तो सोडेचना.

मांजर माळ्यावर गेली. आता आई माझ्याच डोक्यावरून हात फिरवत बसते, संध्याकाळीही दाराकडे बघत नाही. मला वाटलं, सुटले बाई. एका दुपारी तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि माझा डोळा लागला. जाग आली ती तिच्या हुंदक्यांनी. ती पुन्हा बांगडी ओढत होती.

"ही पन गेली माज्या हातून," ती पुटपुटत होती.

तिच्यासमोर डोळे मिटायची आता मला भीती वाटते.